चाळीस गुबरी पाठ फिरवतात तेव्हा

बोला, हरी विठ्ठल! मंडळी, आज एकादशी. पोटं रिकामी आहेत, म्हणजे डोकी चालत असतील! सांगा बघू — दुसऱ्याच्या मनातलं न सांगता ओळखणारा मोठा, की तोंड उघडून विचारणारा मोठा? काय म्हणता, ओळखणारा? बघा हं! ऐका मग.

हिंगणवाडी नावाचं गाव. तिथं घरोघरी गुबरं! म्हणजे काय? फणसाएवढं, लोकरीचं, कान जमिनीला लागलेले! आणि गुण काय? आसपास ज्याच्या मनाला सगळ्यात जास्त लागलंय, त्याचं दुःख आपल्या अंगावर घ्यायचं! सासू टोचून बोलली, की सुनेच्या वतीनं गुबरं हुंदके देणार! पंचाईत एकच — मुकं जनावर. दुःख कुणाचं, ते सांगत नाही.

तर दाजीबांच्या इंदूचं लग्न. अंतरपाट धरलेला, भटजींनी 'सावधान' म्हणायला तोंड उघडलं — आणि मांडवातल्या चाळीस गुबऱ्यांनी कनातीकडे तोंड केलं! फुरंगटली! गावाचा नियम असा, की गुबरी पाठ फिरवून बसली तर अक्षता टाकायच्या नाहीत. मुहूर्त चालला! लग्न मोडायची वेळ आली!

आता लग्नात रुसतं कोण हो? बरोबर, वरपक्ष! किती पटकन सांगितलंत — अनुभव दिसतोय!

सगळे धावले नवरदेवाच्या मामाकडे, केरोबांकडे. मामा काय करत होते? कोपऱ्यात लाडू खात होते. अगदी सुखात!

"मामा, आमचं काय चुकलं?" दाजीबांनी पाय धरले.

मामांनी लाडू गिळला. मनात म्हणाले, आपण रुसलोय? असू!

"फेटा जुनाट दिलात!"

नवा फेटा आला. गुबरी हलेनात.

"शेळी देतो म्हणाला होतात!"

कोण म्हणालं होतं? कुणीच नाही! तरी शेळी आली. गुबरी आता रडायलाच लागली! चाळीस गुबऱ्यांचं रडं — मांडवात चिखल! भटजी घसरले ते थेट शेळीवर!

त्यांना उठवायला नवरदेव तुळशीराम खाली वाकला. अंतरपाटाखालून त्याला नवरीचे पाय दिसले. पायांवर टपटप पाणी पडत होतं.

"इंदू," तो हळूच म्हणाला, "तुला काही लागलंय का गं?"

मंडळी, मामांना अकरा जणांनी विचारलं. तिला विचारणारा हा पहिला!

ती म्हणाली, "तुमच्या मामांनी निरोप धाडलाय. मुलगी तेवढी पाठवा, गुबरं नको, आमच्याकडे कुणाचं मन ओळखायची पद्धत नाही! मग तिकडं मला दुखलं, तर कुणाला कळेल हो?"

सगळ्या मांडवानं मामांकडे पाहिलं. शेळीनंसुद्धा!

"मला गुबऱ्यासारखं कळायचं नाही," तुळशीराम म्हणाला. "पण मी विचारीन. रोज विचारीन. गुबरंही घेऊन चल — मी विसरलो, तर चावू दे मला!"

फिरली की हो गुबरी! चाळीसच्या चाळीस! पडल्या अक्षता! मामा मात्र आता खरोखर रुसून कनातीकडे तोंड करून बसले. एकाही गुबऱ्यानं ढुंकून पाहिलं नाही!

हसलात? हसा! पण तुमच्या घरी पाठ फिरवून कोण बसलंय? गुबरं नाही आपल्याकडे. पण तोंड आहे ना? विचारलंत कधी?

दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगतो. मघाशी निघताना आमची ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. डोळे पुसत होती. मी म्हटलं, कांदा चिरत असेल. चिपळ्या उचलल्या आणि आलो.

मंडळी... आज एकादशी. घरात कांदा कुठला?

पेटीवाले काका, आरती तुम्ही सांगा. मी जरा घरी जाऊन विचारून येतो.