गिअरचं तेल

—अहो, इंजिन बंद कशाला केलंत? सरका, मीच चालू करते. इंजिनचं तेल बंद गाडीत बघतात, गिअरचं चालू गाडीत — ह्या गाडीचं तरी तसंच — आणि इंजिन चांगलं तापलेलं लागतं. गाडी घ्यायला आलात आणि एवढंही ठाऊक नाही? माझ्या मुलाने पाठवलंय ना? वाटलंच! 'आईला आता दिसत नाही, गाडी काढून टाकायची' — हेच म्हणाला ना? म्हणू दे. त्याला शाळेत कोण सोडत होतं? मीच. ह्यांना तर सायकलसुद्धा धड येत नव्हती, जन्मभर माझ्या शेजारी बसून 'हळू, हळू' करत गेले बिचारे. दवाखाना म्हणा, बाजार म्हणा, बहिणीचं घर म्हणा — 'मला जरा सोडता का' म्हणून मी कुणाच्या दारात उभी राहिले नाही, आणि आता राहणारही नाही. गाडी विकायची नाही, आलाच आहात तर मदत करा.

ब्रेकवर पाय ठेवायचा, दांडा सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवायचा — तेल आत खेळतं — आणि परत पार्किंगला. झालं. आता तेल मोजायची ही पट्टी ओढायची, पुसायची, आत घालायची, परत ओढायची. हं, बघा, कुठवर आलंय? दिसतंय हो मला, ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून विचारलं. रेघेच्या खाली? वाटलंच. वास घ्या — जळका नाही ना? वास मला बरोबर कळतो. रंग लालच असणार, लालच असतो. थोडंसंच घालू, जास्त झालं तर तेही वाईट. नरसाळं धरा पट्टीच्या नळीत. बाटली मी ओतते, माझ्या कपाटातली आहे, डोळे मिटून काढते मी—

अहो! हात का धरलात? सोडा आधी! काय? हिरवं? काहीतरीच काय, मी स्वतः... आणा इकडे. उजेडात धरा. अजून जवळ.

...हे रेडिएटरमध्ये घालायचं. गिअरमध्ये ओतत होते मी.

बाईने बाटल्या हलवल्या असतील झाडताना, दुसरं काय! — नाही. तिच्यावर कशाला ढकलू, ती त्या कपाटाला हातही लावत नाही.

असे बघू नका माझ्याकडे. कीव मला ह्यांचीसुद्धा चालली नाही. इंजिन बंद करा. आणि मुलाला फोन करायचा नाही, सांगून ठेवते. काय झालं ते मी सांगेन त्याला. चावीही मीच देईन, माझ्या हाताने — कुणी काढून घेतली असं व्हायचं नाही. निघा आता. निघा म्हटलं ना!