गोदामाच्या भिंतीसमोर

—नाय भाऊ, डबा खाली ठेवा आधी. रंग काय उडून जाणार हाय का? बसा. हे घ्या, सीताफळ खा — डोंगरातलं हाय, सकाळीच उकललंय, उद्यापर्यंत काळं पडंल. भिंत कुठं पळून जाती? निजामाच्या वक्तापासून उभी हाय, कापसाचं गोदाम होतं म्हणतात, पत्रे गेले, दारं गेली, भिंत राह्यली — तर घडीभर अजून राहील. आन ऊन बघा की कसं हाय! आश्विनातलं ऊन भादव्यापेक्षा वाईट. तापल्या भिंतीवर रंग फुगतो म्हणतात — व्हय ना? तुमी पेंटर, तुमाला मी काय सांगावं. पडेगावात गोकुळ पेंटर म्हणलं की समदे वळखतात. पर तो तारेचा ब्रश तेवढा पिशवीत ठेवा. ठेवा हो. मघाशी तुमी कोपऱ्यात दोन हात घासलं ना, खर्र खर्र — मी हातातलं काम टाकून भाईर आले.

कोण, ते? खुर्चीतले? ते आमचे मालक, रामकिसन. तुमच्यावर डोळे रोखून बसलेत असं समजू नका, ते भिंतीकडं बघू राह्यलेत. रोजच बघतात. लकवा मारला दोन वर्षांमागं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. वाळूजच्या कंपनीची बस होती त्यांच्या हातात — चोवीस वर्षं. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, थर्ड शिफ्ट. माणसं नेऊन सोडायची, माणसं आणून सोडायची, आन घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपायचं. मी त्यांना जेवण वाढलं, डबे भरले, कपडे धुतले — पर खरं सांगू का, दिवसाउजेडी आमी दोघं एका जागी बसलोत असं मला आठवत नाय. लेकरं झाली, मोठी झाली, पर बसलो नाय.

दवाखान्यातून आणलं तवा मी त्यांची खुर्ची रस्त्याकडं तोंड करून ठेवली होती. म्हणलं माणूस बसचा, येणारंजाणारं बघंल, जीव रमंल. तर डोळ्यातून पाणी. येणारा जो तो थांबून विचारी — काय रामकिसन, कसं हाय? — आन यांना बोलता येईना. मग मी खुर्ची उचलून इकडं ठेवली, गोदामाकडं. दुसरं काही नाय, दुपारून इथं सावली असती म्हणून. तर दोन दिसांनी डावा हात वर झाला. एक बोट. असं. भिंतीकडं. मला वाटलं पाणी पायजे — पाणी दिलं, नको. वाटलं संडासला जायचं — नाय. पुन्हा बोट. पुन्हा बोट. मी वैतागले भाऊ, लई वैतागले, सेवा करून थकलेलं माणूस काय काय बोलतं — म्हणलं, भिंतीत काय तुमची माय हाय का! बोललेच मी तसं. खोटं कशाला सांगू.

मग एक दिवस, हेच दिवस होते, परतीचा पाऊस नुकता थांबलेला — मी त्यांच्या बाजूला वाकले, त्यांच्या गालाला गाल लावला, आन बोटाच्या रेघेत बघितलं. काय होतं? काय नव्हतं! पावसाळाभर भिंतीवर शेवाळ चढलेलं, ते वाळू लागलं होतं — हिरवं जाऊन सोनेरी, आन कडंला तपकिरी, भाकरीच्या पापुद्र्यासारखं. तिथं वर गिलावा पडलाय ना, त्याच्यात लाल विटा, विटांवर जुना निळा रंग. जयंतीला कुण्या पोरानं मोठाली अक्षरं लिहिलेली, त्यातला एक ‘भी’ तेवढा राह्यलाय, त्याच्या पोटात पिंपळाचं रोप. खाली कुसळीचं गवत पिकलेलं, त्याची सावली भिंतीवर हालायली, आन त्या सावलीवर चतुर — शंभर असतील, दोनशे असतील — पंख नुस्ते चमचम. लग्न होऊन आले तवापासून ती भिंत माझ्या दाराम्होरं हाय भाऊ. एकतीस वर्षं. मी तिच्यावर गोवऱ्या थापल्या, तिच्यावर गोधड्या वाळवल्या. कधी बघितलीच नव्हती.

तवापासून चार वाजले की मी पाट घेऊन यांच्या शेजारी बसते. पोरगी म्हणती, आई, तुमी दोघं काय शिनेमा बघता का? हसू द्या. ते बोट करतात, मी सांगते — व्हय, दिसला, सरडा हाय. व्हय, तरवडाला फुलं आली. आज ऊन त्या विटेवर आलं, काल खालच्या विटेवर होतं. मी बरोबर वळखलं की बोटानं माझ्या हातावर टिचकी मारतात. चुकले तर पुन्हा बोट. लाज वाटती सांगायला — पंचावन्न वय झालं माझं — पर मला दुपारपासून चार वाजायची वाट असती. नवी नवरी असताना नव्हती एवढी.

चित्र काय काढणार म्हणलात? झाड. आन हसरा सूर्य. आन झारीनं पाणी घालणारी पोरगी. आन वर ‘आमचं गाव सुंदर गाव’. बरं हाय. तुमचा हात चांगला हाय, मी काय नाव ठेवत नाय. स्वच्छ गावाचे तपासणीवाले गुरुवारी येणार, रस्त्यावरून पयली हीच भिंत दिसती, मालूम हाय मला. पर भाऊ, तेवढा वरचा कोपरा सोडता का? पिंपळाचा? — रोप तर काढावंच लागंल म्हणता. मग खालची हातभर जागा? आकाशी रंग खालपर्यंत हाय. बरं. बरं. तुमचंही बरोबर हाय, अर्धवट काम केलं तर तुमाला कोण पुन्हा बोलवंल.

गेले होते की! सरपंचांकडं परवाच गेले होते. रत्नमालाताई चांगली हाय बाई, खुर्ची दिली, चहा दिला. मी म्हणलं, ताई, दुसरी भिंत घ्या, शाळेची घ्या. ताईनं फाईल उघडली आन कागद माझ्याम्होरं धरला. म्हणली — काकू, हा तुमचाच अर्ज हाय ना? खाली सही, भामाबाई रामकिसन. माझंच अक्षर.

व्हय. मीच दिला होता. हळू बोलते — इकडं सरका जरा. लकव्याच्या आदल्या साली आमच्या पोरीला, मोनालीला, बघायला पाव्हणे आलते. त्यातली एक बाई दारात उभी राहून म्हणली, अगंबाई, हे पडकं काय तुमच्या दाराम्होरं? नकार आला. भिंतीमुळं नसंल आला, पर मला तीच भिंत दिसली. यांना सांगितलं, अर्ज देते, पाडा नायतर रंगवा म्हणते. हे तवा शिफ्टवरून आलते, चपला काढू राह्यलते. म्हणले — राहू दे. मला बरी वाटती. बस, एवढंच. मी म्हणलं, तुमी घरी असता कवा, तुमाला काय करायची भिंत? मग म्हणलं, बरं, नाय देत. आन दुसऱ्या दिवशी जाऊन दिला. तीन खेटे घातले पंचायतीत. मग यांना लकवा झाला, मी विसरूनही गेले. अर्ज नाय विसरला. ताईला म्हणलं, मागं घेते. तर म्हणली, काकू, ठराव झाला, निधी आला, आता माझ्याही हातात नाय. कुणाच्याच हातात नाय. मी दिला तवा माझ्या हातात होता.

यांना नाय सांगितलं. कसं सांगू? काल दिसभर तोंडापर्यंत आलं. सकाळी तुमची सायकल बघितली तवा वाटलं आता तरी — तर म्हणलं पंचायत रंगवणार हाय, सरकारी काम हाय. सरकारवर ढकललं. तुमाला सांगितलं तेवढंच, तुमी परके म्हणून, आन तुमी काय कुणाला—

भाऊ. थांबा. बोलू नका.

ते भिंतीकडं बघत नायत. माझ्याकडं बघू राह्यलेत. कवापासून? तुमचं तोंड तिकडं होतं, तुमाला दिसत असंल — कवापासून बघू राह्यलेत? 

ऐकलं त्यांनी. समदं ऐकलं.

बोट बी वर नाय हो त्यांचं.

उठा. नाय, हात नंतर धुवा. तो ब्रश काढा, आन करा तुमचं काम.