रुंद केलेली वाटी

मुलगी : म्हणजे ते घड्याळ तुम्ही उघडलंतच, बाबा?

बाबा : उघडलं. चिमटा सटकला आणि आतली केसाएवढी स्प्रिंग पिळवटली. ज्या बाईंनी ते दुरुस्तीला दिलं, त्यांच्या वडिलांची आठवण होती ती. चाळीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं.

मुलगी : अर्धांगवायूचा झटका येऊन सहा महिनेही झाले नाहीत. फिजिओबाई म्हणाल्या होत्या ना, दुकान इतक्यात नको?

बाबा : त्यांचं ऐकू की हाताच्या व्यायामासाठी तू टॅबवर बनवून दिलेल्या खेळाचं? काल उजव्या हाताने शंभरातले चौऱ्याण्णव थेंब झेलले मी. म्हटलं टॅब बिघडलाय, म्हणून तुझ्या कंप्युटरवर खेळून पाहिलं. तिथेही चौऱ्याण्णव.

मुलगी : तिथेही तेवढेच येणार. ज्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, मी खेळ बांधते, तिचं तेच तर काम. एकदा लिहिलं की फोन, टॅब, कंप्युटर, सगळीकडे तसंच चालतं. खोटंसुद्धा.

बाबा : खोटं?

मुलगी : पहिल्या आठवड्यात तुम्हाला बारा यायचे. टॅब पालथा घालून भिंतीकडे तोंड करून बसायचात. मला बघवेना. मग मी खेळातली थेंब झेलायची वाटी रुंद केली. दिसायला तेवढीच, पण थेंब बाजूने गेला तरी झेलला असं धरायचं. दर आठवड्याला थोडी आणखी रुंद.

बाबा : म्हणजे हात सुधारलाच नाही.

मुलगी : सुधारलाय. किती, ते आता मलाही सांगता येत नाही. बाबा, ते घड्याळ मी मोडलं.

बाबा : चिमटा माझ्या हातात होता.

मुलगी : माझ्या आकड्यावर विसंबून धरलात ना.

बाबा : ऐक. चहाचा कप मी अजून डाव्या हाताने उचलतो. शर्टाची बटणं तुझी आई लावते. मला काय कळत नव्हतं? पण तो आकडा गोड लागायचा. मीच डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

मुलगी : वाटी पहिल्यासारखी करू?

बाबा : कर. आत्ताच.

(मुलगी कोडमधला आकडा बदलते. बाबा एक डाव खेळतात.)

बाबा : किती?

मुलगी : सव्वीस.

बाबा : बरं.

मुलगी : त्या बाईंना मी जाऊन सांगते. त्यांना काय बोलायचं ते मला बोलू देत.

बाबा : नको. घड्याळ त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. नंबर लाव, मी बोलतो. आणि उठून जाऊ नकोस.