चिवराखालचे बूट

...आणि वर मलाच विचारतात, "बन्सीलाल, तुम्ही सावध नव्हते का?" सावध? अहो, तुम्हाला सांगतो, आमच्याइतकं सावध जोडपं भुसावळ सोडून आजवर परदेशात गेलंच नसेल! माझ्या बंडीला आतून चोरखिसा, चोरखिशाला तीन सेफ्टी पिना, बंडीवर शर्ट, शर्टावर स्वेटर, स्वेटरवर कोट, आणि लिलाबाईच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या, कमरेला नाड्यानं बांधलेला बटवा, त्या नाड्याला सात गाठी... तिची तिला सोडायला दहा मिनिटं लागायची, चोराला काय सुटणार? तरी गेलं. जायचं ते गेलंच. आणि खरं सांगू? मला काही वाटलं नाही.

हसू नका. वाटतच नाही मला. तेहतीस वर्षं स्टेशनवर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसतोय. एक बाई येते, ट्रंकेत लेकीच्या लग्नाचा शालू होता हो साहेब, म्हणून रडते. मी विचारतो, "ट्रंकेचा रंग?" एक म्हातारा येतो, पिशवीत बायकोचा एकुलता एक फोटो होता म्हणतो. मी विचारतो, "पिशवीला चेन होती की बंद?" पहिली दोन वर्षं घरी येऊन घास उतरायचा नाही. मग एकाच जागी बसून बसून पाय झोपतो ना, तसं आत काहीतरी झोपलं... पायाला निदान नंतर मुंग्या येतात, इथं त्याही आल्या नाहीत. नोंद करायची, पावती द्यायची, "मिळालं की कळवतो" म्हणायचं आणि हाक मारायची, "पुढचा!"

तर आमची संघमित्रा लंडनला नर्स आहे, जावई प्रशील तिथंच असतात, आणि त्यांना मुलगी झाली. माझी आई ताईबाई, वय ब्याऐंशी, तिला पणती झाली! तिनं काय करावं? लग्नापासून साठ वर्षं पायात होते ते चांदीचे तोडे काढले. निघत नव्हते, साबण लावून काढले. मला जळगावला सराफाकडं पिटाळलं आणि त्या तोड्यांचे पणतीसाठी वाळे करून घेतले, एवढे एवढे, घुंगरांचे, दोन बोटांत मावतील असे. आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "आधी भंतेजीच्या हातात देजो. परित्ताचा पाठ म्हनू दे त्याहीले. मंगच पोरीच्या पायात घालजो. अन् घातल्यावर मले फोनात पाय दाखव." बस्स, एवढंच काम. आमचं तिकीट, व्हिसा, कोट, मोजे, सगळा खटाटोप या दोन बोटांएवढ्या वाळ्यांसाठी.

आता मध्ये आला पंडित. पंडित म्हणजे माझा मेहुणा, धुळ्याचा. चार दिवस दुबईला जाऊन आलाय, त्यामुळे पृथ्वी त्याच्या ओळखीची आहे. खास आमच्यासाठी धुळ्याहून आला, शेवभाजी ओरपत ओरपत दोन तास बोलला. "दाजी, बठ्ठं जग चोर शे! जो हासीसन बोलस तो चोर. जो वाट दाखाडस तो चोर. अन् जो खाले पडेल वस्तू उचलीसन देस ना दाजी, तो बठ्ठासमा मोठा चोर!" मी म्हटलं, अरे सगळेच चोर, मग बोलायचं कुणाशी? "कोनसंगेच नही!" दागिना घरात ठेवायचा नाही, अंगावर ठेवायचा. पाठीमागच्या खिशात एक खोटं पाकीट ठेवायचं, त्यात जुनी प्लॅटफॉर्म तिकिटं भरायची, म्हणजे चोरानं ते न्यावं आणि पस्तावावं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. एकूण एकतीस सूचना झाल्या. बत्तिसावी सूचना हवी होती, ती कुणालाच सुचली नाही, पंडितलाही नाही, मलाही नाही.

पोचलो. भुसावळला सेहेचाळीस डिग्री सोडून आलेली माणसं आम्ही, तिथं मे महिन्यात नाकाचा शेंडा बधिर! रविवारी विहारात नामकरण ठरलेलं. तोवर वाळे लिलाबाईच्या बटव्यात, सात गाठींत. झोपताना बटवा अंगावर, आंघोळीला गेली की बटवा माझ्या हातात आणि मी दाराबाहेर उभा, सासऱ्याला असा पहारा देताना बघून जावयाला काय वाटत असेल? पण त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शुक्रवारी संघमित्रा ड्युटीवर. प्रशील बाळाला मांडीवर घेऊन म्हणाले, "पप्पा, नदीवर फिरून या. पुलावरून सरळ जायचं, सरळ यायचं." निघालो. तुम्हाला सांगतो, आम्ही चाललो होतो ते बघण्यासारखं होतं. लिलाबाईचे दोन्ही हात कमरेवर, माझा एक हात छातीवर, एक पाठीमागच्या खोट्या पाकिटावर... चोरानं आम्हाला बघितलं असतं तर तोच म्हणाला असता, काका, दवाखाना त्या बाजूला आहे!

तेवढ्यात मागून हाक, "एक्सक्यूज मी!" वळून बघतो तर एक उंच गोरा माणूस, हसतोय! हसतोय म्हणजे काय? सूचना क्रमांक एक! लिलाबाई म्हणाली, "अहो, चला." आम्ही पाय उचलले. तो पण पाय उचलतोय! "मॅडम! मॅडम!" आम्ही पळायला लागलो. पन्नाशी उलटलेली दोन माणसं, स्वेटरवर कोट घालून, पुलावरून पळतायत, मागे गोरा पळतोय, त्याच्या हातात काहीतरी फडफडतंय! शेवटी बिचारा थकला, उभा राहिला, हातातली वस्तू कठड्यावर ठेवली आणि हात हलवून गेला. लिलाबाईचा मफलर होता. पडला होता, द्यायला येत होता. आणि आम्ही त्याला बठ्ठासमा मोठा चोर म्हणून पळालो! परत जाऊन मफलर घेण्याचीही छाती झाली नाही. मला काही वाटलं नाही, धाप तेवढी लागली.

धाप टाकत पुलाच्या टोकाला पोचलो आणि लिलाबाईनं माझी बाही ओढली. "अहो... भंतेजी!"

खरंच की! समोर मुंडण केलेले, अंगावर भिक्खूचं चीवर, हातात माळ, चेहऱ्यावर शांत भाव, लोकांच्या गर्दीत एकटे उभे. आता तुम्हीच सांगा, परमुलुखात, त्या थंडीत, त्या धावपळीत, आपल्या माणसाचं चीवर दिसल्यावर काय होतं? पंडितनं सांगितलं होतं पोलिसाच्या वेशातला चोर असतो, टॅक्सीवाल्याच्या वेशातला असतो, सही मागणारा असतो. चिवरातला असतो हे कुठं सांगितलं होतं? हीच ती बत्तिसावी!

आम्ही हात जोडले. "वंदामि भंते!" यावर भंतेजींनी "सुखी होतु" म्हणायचं असतं, हे आमच्याकडच्या पाच वर्षांच्या पोराला ठाऊक. हे म्हणाले, "पीस, पीस... डोनेशन." मी लिलाबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "परदेशी असतील हो. त्यांच्याकडे तसं म्हणत असतील." त्यांनी माझ्या मनगटात एक प्लॅस्टिकच्या मण्यांचं काहीतरी अडकवलं. मी उजव्या कोपराला डावा हात लावून ते घेतलं, परित्राणाचा धागा बांधून घेतात तसं! मग त्यांनी हात पुढं केला. आता आमचे पैसे कुठं? कोटाखाली, स्वेटरखाली, शर्टाखाली, बंडीत, तीन पिनांच्या आत. काढायचे म्हणजे पुलावर उघडं व्हायला लागलं असतं!

आणि तेव्हा लिलाबाईच्या डोक्यात आलं. बरं, तिच्या आलं म्हणून तिला काय बोलू, मीच मान डोलावली. "अहो, भंतेजी समोरून भेटले. वाळे यांच्याच हातात देऊ. आशीर्वाद होईल." आणि ती तिथंच सात गाठी सोडायला बसली. दहा मिनिटं! दहा मिनिटं तो माणूस उभा होता हो! चोराला एवढं ताटकळत ठेवणारे आम्हीच पहिले असू. सुटल्या गाठी. मी वाळे ओंजळीत घेतले आणि त्याच्या हातात ठेवले. त्याचं तोंड तुम्ही बघायला पाहिजे होतं... बिचारा दहा-वीस पौंडांवर आशा ठेवून आला होता, त्याच्या हातात घुंगरू वाजले!

आम्ही बूट काढले. गुडघे टेकले, तळवे टेकले, कपाळ टेकलं. थंडगार फरशी. "बुद्धं नमामि!" मान थोडी उचलली, समोर दोन बूट दिसले. पांढरे, खेळाचे, निळी पट्टी, डाव्याची नाडी सुटलेली. मी मनात म्हटलं, थंडी आहे, घालत असतील. दुसऱ्यांदा टेकलो. "धम्मं नमामि!" मान उचलली, बूट वळलेले दिसले, आता टाचा माझ्याकडं होत्या. मी मनात म्हटलं, पूर्वेकडं तोंड करत असतील. तिसऱ्यांदा टेकलो. "संघं नमामि!"

मान उचलली. बूट नव्हते.

लांबून घुंगरांचा आवाज आला थोडा वेळ. मग तोही नाही.

लिलाबाई तिथंच बसून राहिली. एक बाई वाकून आम्हाला विचारायला लागली, आर यू ओके, आर यू ओके... मी बूट घातले, दोन्ही नाड्या नीट बांधल्या. तुम्हाला सांगतो, मला काही वाटलं नाही.

संध्याकाळी संघमित्रा आम्हाला पोलिसांत घेऊन गेली. काचेच्या मागे एक ऑफिसर, माझ्याच वयाचा, डोळ्यांखाली माझ्यासारखीच पिशवी. आमच्याकडं न बघता टाइप करत होता. "वस्तू?" वाळे. "रंग?" चांदीचा. बघा, रंग विचारला! मला घरी आल्यासारखं झालं. "माणसाचं वर्णन?" आता आली का पंचाईत? तेहतीस वर्षं मी लोकांवर डाफरतोय, नीट वर्णन सांगा, चेहरा आठवा! आणि मला चेहरा आठवेना. माझी मान खाली होती हो! मी म्हटलं, "पांढरे बूट, निळी पट्टी, डावी नाडी सुटलेली." "बाकी?" "बाकी चीवर." त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "त्यानं हिसकावलं?" नाही. "धमकी दिली?" नाही. "मग त्याच्याकडे गेलं कसं?" मी म्हटलं, "आम्ही दिलं." "म्हणजे तुम्ही स्वतः दिलं?" "दोन्ही हातांनी." त्यानं एक नंबर लिहून कागद सरकवला आणि म्हणाला, काही मिळालं तर कळवू. आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "नेक्स्ट!"

तेव्हा मात्र... नाही. तेव्हाही नाही.

रविवारी नामकरण झालं. विहारात खरे भंतेजी होते, श्रीलंकेचे, म्हातारे. मी आधी त्यांचे पाय बघितले. चप्पल होती. मग वंदना केली. आणि इकडं ताईबाईचा रोज फोन. "पाय दाखव." आम्ही बाळाला मोजे घातले. "आई, थंडी आहे गं." दुसऱ्या दिवशी, "पाय दाखव." परत मोजे, वर घडी घातलेली दुलई. आठ दिवस त्या लेकराचे पाय आम्ही चोरासारखे लपवले! आठव्या दिवशी ताईबाई फोनवर म्हणाली, "बन्सी, त्या गावात पोरी पायासकट जन्माले येतात ना रे?"

परत आलो. खोटं पाकीट सहीसलामत परत आलं, कुणी हात लावला नाही. पंडितचा फोन, "दाजी, काय गयं का?" मी फोन ठेवला.

ताईबाई खाटेवर बसली होती. मी खाली फरशीवर बसलो आणि सांगितलं. सगळं. मफलर, गाठी, बूट. लिलाबाई दाराआड पदर तोंडाला लावून उभी. ताईबाईनं विचारायला सुरुवात केली, आणि तुम्हाला सांगतो, आमच्या खिडकीवर असा तपास कधी झाला नाही.

"त्यानं ओढले, का तू देले?"

"मी दिले."

"एका हातानं का दोन्ही?"

"दोन्ही."

"डोकं टेकलं व्हतं?"

"तीनदा."

"मंग दान झालं ना रे बापा. त्याले चोरी कायले म्हनतं?"

मी म्हटलं, "आई, अगं तो भंते नव्हता!"

ती म्हणाली, "तो नसंन. तू त उपासक व्हता ना?"

मग ती म्हणाली, "पोरीच्या पायात काय हाये मंग?" मी म्हटलं, "मोजे." "चांगलं हाये. पाय गरम राहतीन." आणि ती घोटा खाजवायला लागली. बघतो तर तोडे होते तिथं कातडीवर पट्टा, दोन्ही पायांना. बाकीचा पाय उन्हानं काळा आणि तेवढाच पट्टा... रंग कोणता म्हणाल तर सांगता नाही येणार. तेहतीस वर्षं रंग विचारतोय, पण त्याला काय म्हणतात मला माहीत नाही.

उठायला गेलो तर मुंग्या आल्या. पायाला हो! पायाला! फरशीवर बसून बसून येतातच. तुम्ही लगेच भलतं समजू नका.

दुसऱ्या दिवशी खिडकीत बसलो, रोजच्यासारखी वही काढली आणि रीतीप्रमाणे नोंद केली. वस्तू, चांदीचे वाळे, नग दोन. तपास, लागला नाही. आणि शेऱ्याच्या जागी, तेहतीस वर्षांत पहिल्यांदा, लिहायची वेळ आली, "तक्रारदाराची तक्रार नाही."

...चला. पुढचा!