आषाढातली तपासणी

शिवाजीनगरच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावरच्या बाईंच्या हातात पांढरा रुमाल होता. त्यावर मोहरीहून बारीक असे काजळीचे सात काळे कण होते. शेजारी त्यांचे यजमान, आणि त्यांच्या मांडीवर धापा टाकणारी मुलगी.

बाई यजमानांना म्हणाल्या, “पहाटेपासून विमलाला श्वास पुरत नाही. आणि तुमच्या कारखान्याच्या कागदावर लिहिलंय, वस्तीत धुराचा त्रास नाही.”

“तपासणी झाली होती, कृष्णा.”

“आषाढात झाली. वारा असा, की दोरीवरचं लुगडं उडून चंपाअक्कांच्या अंगणात पडलं. तपासणाऱ्यांना धूर कुठं सापडणार?”

“चिमणी तीच, कोळसा तोच.”

“हवा तीच आहे का? आता मार्गशीर्षात वारा पडलेला असतो. गारठ्यात धूर वर चढतच नाही. सकाळची रांगोळी नऊपर्यंत काळी होते. आत्ता या म्हणावं त्यांना तपासायला.”

“जरा हळू बोल. लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत. त्या कागदाखाली रहिवासी म्हणून सही कुणाची, तेही ऐकू देत.”

“साहेबांनी कागद पुढं केला. नोकरी त्यांच्या हातात आहे.”

“आणि धुराविरुद्धचा गल्लीचा अर्ज तीन हिवाळे तसाच राहिलाय. चाळीस घरांनी सह्या केल्या. तुमचीच तेवढी नाही, म्हणून अडलाय.”

मुलगी खोकत राहिली. यजमान तिची पाठ चोळत होते.

“अर्ज कुठं आहे?”

“पिशवीत. रोज बरोबर असतो.”

“दे. सही करतो. आणि खाली लिहितो, आषाढातली सही माझीच होती, आणि ती खोटी होती.”