बिनतारखेचा कागद

(देवपूर, धुळे. भर दुपार. मंगल कार्यालयात पक्षाचा मेळावा. ‘वधूपक्ष’ अशी पाटी असलेल्या खोलीत खुशनुमा शेख, वय एकोणतीस, आणि मावळते शहराध्यक्ष भिकननाना, वय बाहत्तर. बाहेर माइक तपासणं चाललंय.)

खुशनुमा : दाराला कडी लावा ना, नाना.

नाना : लावली. दोनदा लावली. इतकी काय घाबरतेस? बाहेर सगळी आपलीच माणसं आहेत.

खुशनुमा : म्हणून तर लावायला सांगितली.

नाना : काय झालं?

खुशनुमा : आमच्या गल्लीच्या तोंडाशी काल फ्लेक्स लागला. ‘नूतन शहराध्यक्षा’, आणि हा एवढा माझा फोटो. सकाळी अब्बू दूध आणायला गेले, तर फोटोच्या गळ्यावरून आडवं ब्लेड फिरवलेलं. बाकी कुणाला हात लावलेला नाही. वरची मोठी माणसं शाबूत, खालची पिल्लावळ शाबूत. फक्त माझा गळा.

नाना : वारा असेल. जळगावहून स्वस्तात छापून आणलेत, माल हलका.

खुशनुमा : वारा इतकं सरळ कापतो? मी तेव्हाच अम्मीला गाडीत बसवून दिलं. पिंप्राळ्याला, शहनाजआपाकडं. आणि सकाळपासून चार फोन आले. उचलला की कुणी बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. नाना, माझे तळहात बघा. घाम पुसून पुसून ओढणी ओली झाली.

नाना : पाणी पी. राजकारणात पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं.

खुशनुमा : तुमचं झालं होतं?

नाना : माझ्या गळ्यावर कुणी ब्लेड नव्हतं फिरवलं. खोटं कशाला बोलू.

खुशनुमा : भूषणभाऊंची पोरं असतील का?

नाना : मन्हा पोरगा भूषण? तो… माहीत नही.

खुशनुमा : विचारलं नाहीत?

नाना : विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता तर? बापानं काय करायचं? हो ऐकायचं नव्हतं, म्हणून नाही विचारलं. जाऊ दे. वेळ थोडा आहे. हा कागद घे, हे पेन घे. एक चार ओळी लिहायच्या आहेत.

खुशनुमा : कशाच्या?

नाना : राजीनाम्याच्या.

खुशनुमा : कोणाच्या?

नाना : तुझ्याच.

खुशनुमा : अजून पद दिलं नाही, नाना!

नाना : पद द्यायच्या आधीच घेतात. तारीख टाकायची नाही, सही करायची, कागद पक्षाकडं ठेवून द्यायचा. उद्या माणूस जड झाला, की तारीख टाकली आणि झालं. आपल्या पक्षात पहिल्यापासून हीच रीत शे. उपाध्यक्ष असो, चिटणीस असो, बठ्ठा लिहून देतात. मीच घेतो सगळ्यांचे. एकोणीस वर्षं घेतोय.

खुशनुमा : आणि निरीक्षक साहेब? मुंबईहून आले तेव्हा ते काय म्हणाले होते? नवं नेतृत्व, तरुण नेतृत्व, सगळ्या समाजांचं नेतृत्व. मी घरी येऊन अब्बूंना शब्दन् शब्द सांगितला होता.

नाना : साहेबांचं खोटं नाही. वरून फर्मान आलंय, साठीच्या पुढचे बाजूला करा, तरुण बघा, बाई बघा, अल्पसंख्याक बघा. तुझ्यात तिन्ही एका खुर्चीत बसतात. फोटो छान येतो. पण फोटो लावणाऱ्याला तो उतरवताही आला पाहिजे ना.

खुशनुमा : म्हणजे मी बोलले की तारीख.

नाना : बोलू नको ना मग. सहा महिने गप्प बैस, हार घाल, फीत काप.

खुशनुमा : मी लिहिलं नाही तर?

नाना : तर बाहेर माइकवर दुसरं नाव पुकारतील. ते नावही तयार आहे. आणि तुझा कागद मी नेला नाही, तर भूषणचं नाव महापालिकेच्या उमेदवार यादीतून जाईल. साहेबांनी सकाळी विश्रामगृहावर स्पष्ट सांगितलं. बघ, मी काही लपवत नाही तुझ्यापासून.

खुशनुमा : आणि तुम्ही स्वतःहून पायउतार झालात, हे खरं का? पेपरात आलंय, प्रकृतीच्या कारणानं.

नाना : मला काय झालंय? रोज पांझरेच्या काठानं चार किलोमीटर चालतो.

खुशनुमा : मग?

नाना : काल साहेबांनी माझ्याच हातून गठ्ठा मागून घेतला. एक्केचाळीस कागद. एक एक मोजले. सगळ्यात खालचा काढला आणि खिशातलं पेन काढून त्यावर कालची तारीख टाकली. मी म्हटलं, कोणाचा साहेब? म्हणाले, तुमचाच, नाना. बाकीचे परत दिले, तुझा घालून आणायला सांगितलं. मी विसरूनच गेलो व्हतो, पोरी. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे गोळा करता करता माझाही खाली पडलाय, हे ध्यानातच नही. आता घरी जाऊन काय करू? सकाळी सातला कोण येईल माझ्या ओट्यावर?

खुशनुमा : तुम्हीही घाबरलात.

नाना : घाबरलो. कोणाला सांगू नको.

(दारावर थाप. बाहेरून कार्यकर्ता किरणचा आवाज.)

किरण : मॅडम! दहा मिनिटं. साहेबांचं स्वागत सुरू झालं. नाना आत आहेत का? साहेब विचारतात, काम झालं का?

नाना : होतंय रे किरण! तू हार मोज जा. … लिही, माय. टाइप केलेला चालत नाही, नंतर माणूस फिरतो, म्हणतो मला वाचायला दिला नव्हता. स्वतःच्या अक्षरात पाहिजे.

खुशनुमा : मायना काय असतो?

नाना : थांब, नमुना देतो. चष्मा गाडीत राहिला. गठ्ठ्यातला कोणताही घे, सगळ्यांचा मजकूर एकच. हा घे. नाव आणि पद तेवढं तुझं टाक.

खुशनुमा : ‘मा. जिल्हाध्यक्ष यांस. मी खाली सही करणार…’

नाना : हां, तसंच.

खुशनुमा : ‘…नूर महंमद शेख चाँद, वैयक्तिक कारणास्तव शहर उपाध्यक्ष पदाचा राजीनामा…’ नाना.

नाना : काय?

खुशनुमा : हा अब्बूंचा आहे.

नाना : इकडं दे.

खुशनुमा : ही अब्बूंची उर्दू सही आहे. नून अक्षराचा ठिपका ते असाच लांब मारतात. अब्बू उपाध्यक्ष कधी होते?

नाना : दे तो कागद, खुशनुमा.

खुशनुमा : कधी होते? तीस वर्षं पक्षाचे झेंडे शिवले त्यांनी. उपरणी शिवली. मशीनवर पाय सुजायचे. आज सहाव्या रांगेत बसलेत, पुढं बोलावलं तरी येत नाहीत. उपाध्यक्ष कधी होते?

नाना : होणार व्हता. बारा-तेरा वर्षं झाली. नाव मीच सुचवलं. रीतीप्रमाणे आधी कागद घेतला. मग वरून निरोप आला, शहराला हे नाव झेपणार नाही, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ काही आली नाही.

खुशनुमा : पद दिलंच नाही. राजीनामा मात्र ठेवून घेतला.

नाना : तो दर दिवाळीला फराळाला येतो ना माझ्याकडं, जाताना चपला घालता घालता विचारतो, नाना, तो कागद फाडला का? आपली बिनतारखेची सही कुणाच्या कपाटात पडून आहे, हे आठवलं की झोप लागत नाही म्हणतो. मी म्हणतो, फाडला रे, कधीच फाडला.

खुशनुमा : का नाही फाडला?

नाना : सवय. कागद हातात असला की माणूस हातात, एवढंच शिकलो जन्मभर. मला शरम वाटते, पोरी. तुझ्या बापाच्या डोळ्याला डोळा नाही देता येत मला.

किरण : मॅडम, पाच मिनिटं! नाना, साहेब फार घाई करताहेत!

खुशनुमा : पेन द्या.

नाना : लिहितेस?

खुशनुमा : लिहिते. अब्बूंच्या नमुन्यावरूनच लिहिते. … घ्या. झालं.

नाना : अगं… खाली हे काय खरडलंस? तारीख टाकली? कोणती?

खुशनुमा : आजची. आणि वेळ, बारा वाजून पंचवीस मिनिटं.

नाना : पद तर साडेबाराला मिळणार आहे!

खुशनुमा : हो.

नाना : मग हा राजीनामा पदाच्या आधीचाच झाला. नंतर ह्याची रद्दी.

खुशनुमा : अब्बूंचाही आधीचाच होता ना? बारा वर्षं सांभाळलात. माझाही सांभाळा.

नाना : साहेबांनी पाहिलं तर तू गेलीस. मी गेलो. भूषण गेला.

खुशनुमा : माहीत आहे. म्हणून तर अक्षर असं वाकडं आलंय. पाहतील का?

नाना : … ते वाचत नाहीत. मोजतात.

खुशनुमा : मग नेऊन द्या. आणि अब्बूंचा मी ठेवते.

नाना : मग एक कमी भरेल. माझा गेला, चाळीस राहिले. तुझा धरून एक्केचाळीस पाहिजेत.

खुशनुमा : अब्बूंचा मी देणार नाही, नाना. ओरडा, किरणभाऊंना बोलवा, काहीही करा. देणार नाही.

नाना : ओरडत नाही. … थांब. खिशात एक आहे.

खुशनुमा : काय आहे ते?

नाना : माझं भाषण. निरोपाचं. पहाटे उठून लिहिलं व्हतं. आज मला बोलायला देणार नाहीत, मंचावर खुर्ची पण नाही ठेवली. ह्याची घडी तेवढ्याच मापाची आहे. हा घालतो मध्ये.

खुशनुमा : आणि भूषणभाऊ?

नाना : घरी गेल्यावर त्याला ब्लेडचं विचारीन. मग बघू. आते मोज तू, मला दिसत नाही.

खुशनुमा : … एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.

नाना : भरले?

खुशनुमा : भरले.

किरण : मॅडम, नाव पुकारलं! चला, चला! टाळ्या सुरू झाल्या!

खुशनुमा : नाना, तुम्हीही चला ना माझ्याबरोबर.

नाना : मन्हा खांद्यावर हात ठेव. दारापर्यंत मी येतो. पुढं तुला एकटीलाच जायचंय.

खुशनुमा : किरणभाऊ, एक काम कराल? सहाव्या रांगेत कडेला अब्बू बसलेत, पांढरी टोपी. त्यांच्या कानात एवढंच सांगा, नानांकडचा तुमचा कागद आता खुशनुमाकडं आहे.