दोन चमचे रस

भाऊ : अगं, पण तुला काही झालेलंच नाही. धडधाकट बाई तू, कशाला पोटात नळी घालून घेतेस?

ताई : झाल्यावर घालून काय उपयोग? आईचं कळलं तेव्हा डॉक्टरांनी हात वर केले. मामाचंही तेच. स्वादुपिंडाचा कॅन्सर सांगून येत नाही.

भाऊ : झालं सुरू. यासाठीच मी तुझा फोन उचलत नव्हतो.

ताई : ठाऊक आहे. आज 'तूही तपासून घे' म्हणायला नाही बोलावलं. गुंगी देतात, घरी न्यायला माणूस लागतं. शेजारीण गावाला गेलीय, नाहीतर तुझ्या विनवण्या कोण करतंय.

नर्स : मावशी, तयार ना? हे कोण?

ताई : माझा पाठचा भाऊ.

भाऊ : नेमकं काय करणार तुम्ही?

नर्स : तोंडातून नळी, जठराच्या पुढे लहान आतड्यापर्यंत. मग शिरेत एक इंजेक्शन. त्यानं स्वादुपिंड पाचक रस सोडतं. तो ओढून घ्यायचा आणि लगेच बर्फात ठेवायचा. जेमतेम दोन चमचे.

भाऊ : त्यात कॅन्सर दिसतो?

नर्स : अभ्यास चालू आहे, दादा. गाठ दिसण्याआधी रसात काही खुणा सापडतात का, ते बघतोय. छातीठोकपणे आज कुणीच सांगणार नाही.

(ताईला आत नेतात. तासाभरानं स्ट्रेचरवरून बाहेर आणतात.)

ताई : आहेस का रे?

भाऊ : इथंच आहे. पडून राहा. शेजारीण कधी येणार परत? तुझ्या जेवणाचं बघायला हवं.

ताई : परत कुठून येणार? घरीच आहे की ती.

भाऊ : गावाला गेलीय म्हणालीस ना?

ताई : तसं म्हटल्याशिवाय तू आला असतास?

भाऊ : गुंगीत तरी खरं बोललीस.

ताई : एकटीला नव्हतं रे यायचं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

भाऊ : तुझ्या?

ताई : मग? दगडाची आहे का मी?

भाऊ : मला वाटायचं, घरात घाबरट मी एकटाच. माझ्या रसात काही निघालं तर… पोरगी अजून शाळेत आहे गं.

ताई : म्हणून तर. जाऊ दे. मी काही म्हणणार नाही. घसा कोरडा पडलाय, पाणी चालेल का विचार.

भाऊ : विचारतो. त्या बाईंशी आणखी एक बोलायचंय.

ताई : काय?

भाऊ : उपाशीपोटी किती वाजता यायचं, ते.